सुकलेल्या तेलाखाली

खणात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं एचएमटीचं चावीचं घड्याळ पुष्कळदा बिघडलेलं नसतंच. आतलं तेल सुकून चिकट झालेलं असतं, एवढंच. हे एकदा कळलं की जुन्या बाजारातल्या घड्याळांच्या ढिगाकडे पाहायची नजर बदलते.

एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरात मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली. परीक्षेत पास झाल्यावर, नोकरी लागल्यावर, लग्नात कितीतरी घरांत पहिलं घड्याळ आलं ते हेच. मग सेलवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ आलं, तेही अधिक स्वस्त आणि अधिक अचूक. चावीची घड्याळं खणात गेली. २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला. आता मुंबईच्या चोर बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात हौशी माणसं तीच घड्याळं हुडकतात, घरी आणून उघडतात आणि पुन्हा चालू करतात.

झाकण उघडल्यावर त्यांना काय दिसतं? सगळ्यात आधी नजर जाते ती बॅलन्सकडे, म्हणजे पुढे-मागे हेलकावणाऱ्या चाकाकडे. त्याच्या मधोमध केसासारखी बारीक, गोल गुंडाळलेली हेअरस्प्रिंग असते. ही कल्पना क्रिस्तियान हायगेन्सने १६७५ साली घड्याळात आणली. एचएमटीच्या 'जनता' घड्याळात हे चाक सेकंदाला पाच ठोके देतं. म्हणजे तासाला १८,०००, दिवसाला ४ लाख ३२ हजार आणि वर्षाला पंधरा कोटींच्याही वर. एवढा मारा सोसणाऱ्या आसाचं टोक जेमतेम दशांश मिलिमीटर जाडीचं! धातूवर धातू घासला असता तर ते कधीच झिजून गेलं असतं. म्हणून ते टेकतं माणकावर.

हे माणिक खरंखुरं असतं, फक्त खाणीतलं नसतं. फ्रान्सच्या ऑग्युस्त व्हर्नॉयने १९०२ मध्ये ते बनवायची रीत जाहीर केली: ॲल्युमिनाची पूड, त्यात किंचित क्रोमियम, आणि ते मिश्रण प्रखर ज्योतीतून खाली पाडत जायचं. थेंबाथेंबाने माणकाची कांडी वाढते. त्यामुळेच एका साध्या, स्वस्त घड्याळाच्या तबकडीवर '१७ ज्वेल्स' लिहिता आलं. कारकुनाच्या, गिरणी कामगाराच्या मनगटावर सतरा माणकं होती, याचं मला अजून नवल वाटतं.

आसाचं टोक ज्यात फिरतं, त्या माणकाला वाटीसारखा छोटा खळगा असतो. त्यात तेलाचा बारीकसा थेंब सोडला की तो केशाकर्षणाने आसाला धरून राहतो. थेंब जरा मोठा पडला तर मात्र ओघळून जातो, आणि आस कोरडाच राहतो. दोष नेहमी तेलाचाच असतो असंही नाही. एखादं घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळतं, तेव्हा अनेकदा स्पीकरजवळ ठेवल्याने हेअरस्प्रिंगमध्ये चुंबकत्व शिरलेलं असतं. तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, कमान जणू आखूड होते आणि चाक घाईने हेलकावू लागतं. चुंबकत्व काढायचं यंत्र फिरवलं की काही क्षणांत दोष जातो.

जुनं घड्याळ दुरुस्त करण्यात निर्मिती कुठली, असं कुणी विचारेल. सुटा भाग मिळत नाही, तेव्हा तो दुसऱ्या बंद घड्याळातून काढून जुळवावा लागतो, हत्यार नसेल तर शिवणाच्या सुईतून घडवावं लागतं. पण त्याहून अवघड असतं ते काय करायचं नाही हे ठरवणं. मुंबईत जुन्या तबकड्या पुसून भडक रंगात नव्याने छापायची पद्धत इतकी रुजली, की जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकाने नव्हे. त्यामागची मेहनत मला दिसते, तरी माझं मत स्पष्ट आहे: पिवळसर पडलेली मूळ तबकडी नव्या रंगापेक्षा मोलाची. चाळीस वर्षांचं ऊन आणि घाम तिच्यावर उतरलेला असतो, आणि तो पुन्हा छापता येत नाही.

झाकणाच्या आतल्या बाजूला कधी कधी सुईने कोरलेल्या बारीक खुणा सापडतात: एखादी तारीख, दोन अक्षरं. पूर्वीच्या कारागिरांनी दुरुस्तीची नोंद म्हणून केलेल्या. आपल्याआधी कुणीतरी हेच स्क्रू सोडवले, हीच चाकं पुसली, हे तिथे कळतं. आपण त्या रांगेत पुढचे आहोत या जाणिवेने माणूस रात्री उशिरापर्यंत डोळ्याला भिंग लावून बसतो. सगळे भाग धुऊन, तेल घालून, थोडी चावी भरून, शेवटी बॅलन्स जागेवर बसवला की चाक एकदम स्वतःहून हलू लागतं. तो क्षण शंभरदा पाहिला तरी शिळा होत नाही.

तुमच्या घरात असं घड्याळ असेल, तर चालतं का हे बघायला चावी भरू नका. सुकलेल्या तेलात ते चाललं तर आसाचं टोक झिजतं, आणि ते टोक भरून निघत नाही. आधी साफ करून घ्या, मग चावी भरा.