घराच्या खिडक्या-दारे बदलताना : आधी सावली, मग काच



या पानावर एरवी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांचाच विषय असतो. या वेळी घराच्या खिडक्या-दारांविषयी लिहितो आहे. ऊस बिल खात्यावर पडले की आपल्याकडे दोन कामे निघतात, लग्न आणि बांधकाम. लग्नात मी काही बोलणार नाही. पण गेल्या हंगामात उसाची नोंद घेत फिरताना चार-पाच ठिकाणी एकच प्रश्न आला. एक सभासद म्हणाले, "साहेब, जुनी लाकडी खिडकी काढून दुहेरी काचाची बसवावी म्हनतो. लाईट बिल निम्मं होतं म्हनं. खरं हाय का?"

या प्रश्नाचे उत्तर मी स्वतः पैसे घालवून शिकलो आहे, म्हणून सांगतो.

माझी चूक

२०१९ साली मी तालुक्याच्या गावी असलेल्या घराची दुरुस्ती काढली. पश्चिमेच्या खोलीला वडिलांनी बसवलेली सागवानी चौकट आणि भरीव पल्ल्यांची खिडकी होती. पल्ले फुगले होते, नीट लागत नव्हते. एका दुकानदाराने सरकत्या काचेची मोठी खिडकी सुचवली. "उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार" असे तो म्हणाला. मी कर्ज काढले, खिडकी दीडपट मोठी केली आणि जुने लाकूड व्यापाऱ्याला वजनावर दिले.

त्या खोलीत आई झोपत असे. मे महिन्यात दुपारी तीननंतर खोली भट्टीसारखी तापू लागली. पूर्वी दुपारी लाकडी पल्ले लावले की अंधार आणि गारवा व्हायचा. आता काच लावली तरी ऊन सरळ पलंगावर. कूलर सुरू केला तर दमट हवा आतच कोंडायची. एके दिवशी आईला ऊन लागले, दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावावे लागले. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, "तुझ्या बापाची खिडकी बरी होती रे." कर्जाचे हप्ते पुढे दोन वर्षे चालले.

म्हणून पहिली गोष्ट ही की, खिडकी निवडण्याआधी घरात उष्णता येते कोठून हे पाहावे. जमीन न पाहता कोणी बेणे निवडतो का? चोपण जमिनीला २६५ लावता, चांगल्या निचऱ्याच्या जमिनीत ८६०३२ घेता. घराचेही तसेच आहे.

उष्णता येते कोठून

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ पर्यंत जातो. घरात उष्णता चार वाटांनी येते : तापलेल्या स्लॅबमधून किंवा पत्र्यातून, खिडकीतून आत पडणाऱ्या उन्हातून, काच-चौकट तापून, आणि फटींतून शिरणाऱ्या गरम हवेतून. दुकानदार बोलतो ते बहुधा तिसऱ्या वाटेबद्दल. आपल्या मुलखात मोठ्या वाटा पहिल्या दोन.

थोडा हिशेब करू. चार फूट बाय चार फूट खिडकी म्हणजे सुमारे दीड चौरस मीटर. पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास दर चौरस मीटरला ढोबळमानाने ६०० वॉट ऊन पडते. साध्या काचेतून त्यातले ८० टक्के आत येते. म्हणजे झाले सुमारे ७२० वॉट. घरातली ७५० वॉटची इस्त्री चालू करून खोलीत ठेवावी, तसे.

आता काच तापून येणारी उष्णता पाहा. बाहेर ४३ आणि आत ३३ अंश, म्हणजे फरक १० अंशांचा. एकेरी काचेचे यू-मूल्य ५.८ च्या आसपास असते, म्हणजे एक चौरस मीटर काचेतून दर अंश फरकाला ५.८ वॉट जातात. आपल्या खिडकीला हे ८७ वॉट होतात. मध्ये हवेची पोकळी असलेली दुहेरी काच घातली तर यू-मूल्य २.८ च्या जवळपास येते आणि आकडा ४२ वॉटवर उतरतो. वाचले ४५ वॉट.

म्हणजे सावली केली तर ७२० वॉटमधला बराचसा भाग अडतो, आणि महागडी दुहेरी काच घातली तर पूर्वीच्या ४० वॉटच्या बल्बाएवढे वाचते. दुहेरी साध्या काचेतूनही उन्हाचा मोठा भाग आत येतोच. खोडव्यात पाचट पसरून आपण जमिनीवर सावली करतो, मग पाणी वाचते. घराला तोच नियम.

मग परदेशात सगळे दुहेरी काच का लावतात? तेथे हिवाळ्यात बाहेर शून्य आणि घरात वीस अंश, तेही रात्रंदिवस महिनोन् महिने. त्यांचा खर्च घर तापवण्याचा आहे, आपला प्रश्न ऊन अडवण्याचा. त्यांचे औषध आपल्या दुखण्याला लागू पडेलच असे नाही.

कोणत्या दिशेला काय

परभणी साधारण सव्वा एकोणीस अक्षांशावर आहे. मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या शेवटी सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. डिसेंबरात तो दक्षिणेकडे कलून दुपारी सुमारे ४७ अंशांवर असतो. यावरून सोपे नियम निघतात.

दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा पुरतो. उन्हाळ्यात दुपारचे ऊन आत येत नाही आणि थंडीत चार फुटी खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागातून येते. थंडीत ते हवेच असते.

उत्तरेची खिडकी सर्वांत सोपी. उजेड मिळतो, ऊन थोडेच. मोठी करायचीच असेल तर ही करा.

पश्चिमेच्या खिडकीला छज्जा पुरत नाही. मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता सूर्य इतका खाली असतो की दोन फुटांच्या छज्ज्याची सावली जेमतेम फूटभर पडते. तेथे उभा आडोसा पाहिजे : भरीव लाकडी पल्ला, बांबूची चिक, पडवी, शेडनेट, नाहीतर दोडक्याचा किंवा घेवड्याचा वेल. आडोसा काचेच्या बाहेर असावा. आतला पडदा ऊन अडवतो खरा, पण तोवर ते खोलीत आलेले असते. पूर्वेलाही हेच, मात्र सकाळची हवा गार असते म्हणून त्रास कमी.

आपल्या जुन्या माळवदाच्या घरांना जाड पांढरीच्या भिंती, लहान झरोके आणि भरीव पल्ले होते. दिवसा बंद, रात्री उघडे. त्या लोकांनी यू-मूल्य मोजले नव्हते, पण ऊन कोठून येते ते त्यांना माहीत होते.

कूलर की एसी, हे आधी ठरवा

हा मुद्दा दुकानात कोणी सांगत नाही. कूलर बाहेरची कोरडी हवा पाण्यातून ओढून आत ढकलतो. ती हवा दुसऱ्या बाजूने बाहेर गेलीच पाहिजे, नाहीतर खोली दमट होते आणि गारवा थांबतो. कूलरच्या खोलीला फटी बुजवलेली घट्ट खिडकी उपयोगाची नाही. समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे ठेवावे लागते. माझ्या आईच्या खोलीत ही चूकही झाली होती.

एसीचे उलट आहे. तेथे प्रत्येक फट म्हणजे बिल. तेव्हा एसीची एकच खोली घट्ट करा, सगळे घर नको.

सरकता पल्ला आणि बिजागरीचा पल्ला यांतही फरक आहे. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते. बिजागरीची सुमारे ९० टक्के उघडते. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची घरांसाठीची 'इको निवास संहिता' २०१८ साली आली. तिच्यात उष्ण-कोरड्या भागासाठी उघडणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र घराच्या चटई क्षेत्राच्या निदान १० टक्के आणि संमिश्र हवामानासाठी १२.५ टक्के धरले आहे. बारा बाय बाराची खोली १४४ चौरस फुटांची. तिला १० टक्क्यांनी १४.४ चौरस फूट लागतात. चार बाय चारची बिजागरीची खिडकी बरोबर तेवढी उघडते. तीच सरकती घेतली तर फक्त आठ. रात्री हवा गार होते तेव्हा हा फरक कळतो. जाळी लावली की हवा आणखी घटते, पण डासांमुळे जाळी सोडता येत नाही. म्हणून खिडकी पूर्ण उघडणारी हवी.

कोणता माल घ्यावा

सागवान : चौकट शाबूत असेल तर काढू नका. सुताराला सांगून दाभण टोचून पाहा. आत सहज गेले तर वाळवी किंवा कूज. नाहीतर फक्त पल्ले नवे करा, बिजागरी बदला, तेल-रंग द्या. हा सर्वांत स्वस्त मार्ग. जुने लाकूड मातीमोल भावाने देऊ नका, तसे पुन्हा मिळत नाही.

अॅल्युमिनियम : वाळवी नाही, गंज नाही, हलके. पण ही धातू लाकडाच्या सुमारे हजारपट उष्णता वाहते. पश्चिमेला उघडी चौकट हाताला चटका देते. पट्टीची जाडी विचारा. पातळ पट्टी चार वर्षांत खुळखुळते.

यूपीव्हीसी : उष्णता कमी वाहते, फटी कमी राहतात. एसीच्या खोलीला चांगली. पण आत लोखंडी सळई-पट्टीचा आधार आहे ना आणि माल उन्हात टिकणारा आहे ना, हे पक्के करा. हलका माल पिवळा पडून ठिसूळ होतो.

लोखंडी : मजबूत आणि स्वस्त. दरवर्षी रंग लागतो.

'ऊर्जा बचत' अशी नुसती चिठ्ठी पाहून भुलू नका. दोन आकडे विचारा, यू-मूल्य आणि एसएचजीसी. दुसरा आकडा म्हणजे उन्हातली किती उष्णता काचेतून आत येते तो भाग. साध्या काचेचा ०.८ च्या आसपास असतो. आपल्याकडे तो जितका कमी तितका चांगला. आकडा सांगता येत नसेल तर जादा पैसे देऊ नका.

दाराची फट विसरू नका. तीन फूट दाराखाली अर्धा इंच फट म्हणजे १८ चौरस इंच, जवळजवळ अर्ध्या विटेएवढे भोक. रबराची किंवा ब्रशची पट्टी लावली की धूळ, थंडी आणि विंचू-किडा, तिन्ही थांबतात.

पैसा कसा उभा करावा

समजा, एसीच्या सावलीतल्या खोलीला दुहेरी काचेसाठी १५,००० रुपये जादा लागतात. वाचलेल्या ४५ वॉट उष्णतेसाठी एसीला वीज लागली असती साधारण १५ वॉट. दिवसाला आठ तास, वर्षाला शंभर दिवस धरले तर १२ युनिट. दहा रुपये दराने १२० रुपये. पैसे फिटायला सव्वाशे वर्षे! रस्त्याचा आवाज अडवायचा असेल तर गोष्ट वेगळी, पण मग ते आवाजासाठी म्हणून घ्या.

मी सभासदांना सांगतो, घरखर्च टनात मोजा. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी टनाला ३,५५० रुपये होती. तोडणी-वाहतूक वजा जाते, उतारा कमी असेल तर दरही कमी, आणि सोसायटीची वसुली वेगळी. समजा हाती टनाला २,५०० राहिले. मग ३०,००० ची खिडकी म्हणजे १२ टन. एकरी ४० टन पिकत असेल तर १२ गुंठ्यांचा ऊस एका खिडकीत गेला. बाई-माणसांनी त्या १२ गुंठ्यांत किती खुरपले ते आठवा आणि मग ठरवा.

पीक कर्जाचा पैसा खिडकीत घालू नका. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज वेळेवर फेडले तर व्याजात तीन टक्क्यांची सवलत मिळते. थकले की ती गेली आणि पुढच्या लागणीला हात आखडला. कर्ज काढायचेच असेल तर बँकेत घरदुरुस्तीचे मागा आणि हप्ता बिलाच्या महिन्यांशी जुळवून घ्या.

कारागिराशी व्यवहार लेखी करा. चौरस फुटाच्या दरात काच, जाळी, कडी-कोयंडा, बसवणूक आणि कर धरला आहे का, काच किती मिलिमीटरची, हे कागदावर घ्या. निदान तिघांचे दर घ्या. सगळी रक्कम आगाऊ देऊ नका. दहावा हिस्सा पहिला पाऊस होईपर्यंत राखून ठेवा. मृगाच्या सरीत चौकटीतून पाणी आले नाही, मग द्या.

कामाचा क्रम

थोडक्यात सांगायचे तर पहिल्या वर्षी स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात आणि पश्चिमेला बाहेरून आडोसा. हे फेब्रुवारी-मार्चात उरका. दुसऱ्या वर्षी फटी, बिजागऱ्या, दाराच्या पट्ट्या. त्यानंतरही खोली तापत असेल तरच नवी खिडकी, तीही ज्या खोलीत म्हातारी माणसे आणि लेकरे झोपतात तिला आधी.

आईच्या खिडकीला मी शेवटी बाहेरून बांबूची चिक लावली, वर शेडनेट टाकले, स्लॅबला चुना दिला आणि कूलरच्या समोरचे दार उघडे ठेवू लागलो. सगळा खर्च काचेच्या खिडकीच्या दहाव्या हिश्शाइतकाही झाला नाही. आता ती दुपारी तेथेच झोपते. जुने सागवान मात्र परत आले नाही.

घराच्या दिशेबद्दल शंका असेल तर गट कार्यालयात या. उसाची नोंद करताना पाच मिनिटे तेही बोलू.

आपला,
ऊस विकास अधिकारी