विश्लेषण : १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, तरी पडद्यावर ६०च का? गेमिंग मॉनिटर निवडताना काय पाहावे?

गेमिंग पीसी जुळवताना बहुतेकांचे बजेट प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डातच संपत येते. मॉनिटरची पाळी शेवटी येते आणि मग खोक्यावरचा मोठा आकडा पाहून निर्णय होतो. १४४, १६५, १८०, २४० हर्ट्झ... चऱ्होली-लोहगाव परिसरात इंजिनिअरिंग शिकणारे विद्यार्थी असोत किंवा चऱ्होली, मोशीत राहून चाकण एमआयडीसीत नोकरी करणारे तरुण, साठवलेल्या पैशांतून पीसी जुळवणाऱ्यांसमोर हाच प्रश्न असतो. पण खोक्यावरचा आकडा पडद्यावर उतरायला चार गोष्टी जुळाव्या लागतात : गेम, कार्ड, केबल आणि विंडोजची सेटिंग. यातली एक कमी पडली, तरी पैसे १४४चे जातात आणि चित्र ६०चे दिसते.

रिफ्रेश रेट म्हणजे नेमके काय?

मॉनिटर एका सेकंदात किती वेळा चित्र बदलतो, तो आकडा म्हणजे रिफ्रेश रेट. साध्या ऑफिस मॉनिटरचा तो ६० हर्ट्झ असतो. म्हणजे नवे चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येते. १४४ हर्ट्झवर हेच अंतर ६.९ आणि २४० हर्ट्झवर ४.२ मिलिसेकंद होते.

समजा, फुल एचडी पडद्यावर शत्रू एका सेकंदात डावीकडून उजवीकडे धावत गेला. पडद्याची रुंदी १९२० पिक्सेल. ६० हर्ट्झवर तो प्रत्येक चित्रात ३२ पिक्सेलची उडी मारतो, १४४ वर साधारण १३ पिक्सेलची आणि २४० वर ८ पिक्सेलची. उडी जितकी लहान, तितका नेम धरणे सोपे.

मग सर्वात मोठा आकडा घ्यावा का?

वरचेच गणित पुन्हा पाहा. ६० वरून १४४ वर गेल्यास दोन चित्रांतील अंतर जवळपास १० मिलिसेकंदांनी कमी होते. १४४ वरून २४० वर गेल्यास फक्त २.८ मिलिसेकंद वाचतात आणि २४० वरून ३६० वर गेल्यास १.४. पहिली उडी कोणाच्याही लक्षात येते. पुढच्या उड्यांना पैसे लागतात, पण फरक कमी होत जातो. त्यामुळे स्पर्धेत खेळणारे सोडले, तर बाकीच्यांना १४४ ते १८० हर्ट्झ पुरेसे आहे.

तुमचे कार्ड तेवढ्या फ्रेम देते का?

मॉनिटर फक्त दाखवतो, चित्र तयार करतो ग्राफिक्स कार्ड. कार्ड सेकंदाला ७० फ्रेम देत असेल, तर २४० हर्ट्झच्या मॉनिटरवरही वेगळी चित्रे ७०च. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारखे शूटर गेम तुलनेने हलके असतात. त्यात मध्यम कार्डही शंभरावर फ्रेम देऊ शकते, मात्र तिथे प्रोसेसरही दमदार लागतो. सायबरपंक २०७७ सारखा गेम त्याच कार्डाला घाम फोडतो. एल्डन रिंग तर पीसीवरही ६० फ्रेमच्या वर जात नाही, कारण मर्यादा गेममध्येच आहे.

म्हणून खरेदीआधी एक काम करा. स्टीमच्या सेटिंगमधला एफपीएस काउंटर सुरू करा आणि रोजचे गेम तासभर खेळा. सध्याचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असला, तरी व्ही-सिंक आणि गेममधली फ्रेमची मर्यादा बंद केल्यावर कार्ड किती फ्रेम देते, ते कळते. येणारा आकडा ८०च्या आसपास असेल, तर २४० हर्ट्झऐवजी तेच पैसे कार्डात घालणे फायद्याचे.

फुल एचडी, १४४० पी की फोर-के?

फुल एचडीत सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४० पीमध्ये ३६.९ लाख आणि फोर-केमध्ये ८२.९ लाख. म्हणजे फोर-केवर कार्डाला फुल एचडीच्या चौपट पिक्सेल रंगवावे लागतात आणि फ्रेम झपाट्याने घसरतात. बेताचे कार्ड आणि शूटर गेम असतील, तर २४ इंची फुल एचडी योग्य. २७ इंचावर फुल एचडीची अक्षरे काहीशी फाटलेली दिसतात. तिथे १४४० पी बरे. याच स्क्रीनवर कोडिंग किंवा कॅडचे काम करणार असाल, तर १४४० पीचा फायदा दिवसभर मिळेल.

पॅनेल कोणते? आणि १ मिलिसेकंद खरे मानायचे का?

आयपीएस पॅनेलचे रंग चांगले आणि बाजूने पाहिले तरी चित्र ठीक दिसते. बहुतेकांसाठी हीच सुरक्षित निवड. व्हीए पॅनेलवर काळा रंग अधिक गडद दिसतो, पण स्वस्त मॉडेलमध्ये अंधाऱ्या दृश्यांत हलत्या वस्तूंमागे काळपट ओघळ दिसतात. टीएन वेगवान, पण रंग फिके आणि बाजूने पाहिल्यास बदलणारे. ओएलईडी सर्वांत जलद, मात्र महाग. त्यावर तासन्‌तास एकच टास्कबार राहिल्यास त्याचा डाग कायमचा उमटण्याची शक्यता असते.

खोक्यावरच्या ‘१ मिलिसेकंद’च्या पुढे काय लिहिले आहे, ते वाचा. ‘एमपीआरटी’ लिहिले असेल, तर तो आकडा अनेकदा बॅकलाइट भराभर बंद-चालू करून मिळवलेला असतो. त्यात पडदा मंद होतो. ‘जीटीजी’ म्हणजे पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ. दोन मॉनिटरची तुलना करताना एकाचा एमपीआरटी आणि दुसऱ्याचा जीटीजी लावू नका.

फ्रीसिंक, जी-सिंक का हवे?

कार्डाच्या फ्रेम कधी ९०, कधी १२० अशा वरखाली होतात. मॉनिटर आपल्याच ठेक्याने चालला, तर चित्र मधोमध फाटल्यासारखे दिसते. या सुविधेमुळे मॉनिटर कार्डाच्या वेगाशी जुळवून घेतो. एएमडीचे ते फ्रीसिंक, एनव्हिडियाचे जी-सिंक. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची जीटीएक्स १० मालिका आणि त्यापुढची कार्डेही डिस्प्लेपोर्टवरून फ्रीसिंकच्या अनेक मॉनिटरशी जुळतात. त्यामुळे केवळ जी-सिंकच्या शिक्क्यासाठी जादा पैसे मोजण्याची गरज सहसा नसते.

केबलमुळे वेग अडतो का?

हो, आणि ते लक्षातही येत नाही. जुन्या एचडीएमआय १.४ वर फुल एचडी साधारण १२० हर्ट्झपर्यंतच जाते. एचडीएमआय २.० वर फुल एचडी २४० आणि १४४० पी १४४ हर्ट्झपर्यंत. डिस्प्लेपोर्ट १.४ वर १४४० पीला २४० हर्ट्झ मिळतात. काही मॉनिटरमध्ये पूर्ण वेग डिस्प्लेपोर्टवरच मिळतो, एचडीएमआयवर कमी. त्यामुळे कोणत्या पोर्टवर किती हर्ट्झ, हे कंपनीच्या माहितीपत्रकात पाहा आणि शक्यतो डिस्प्लेपोर्ट वापरा.

केबल मदरबोर्डच्या पोर्टला नव्हे, तर ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टला लावा. मग विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले आणि अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले या क्रमाने जाऊन रिफ्रेश रेट निवडा. नवा मॉनिटर जोडल्यावर तिथे अनेकदा ६०च राहिलेले असते.

जीएसटी कपातीने मॉनिटर स्वस्त झाले का?

सर्व नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर तो १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के आहे. त्यामुळे २४ किंवा २७ इंची मॉनिटरवर कोणी ‘जीएसटी कपातीची सूट’ म्हणून दर सांगत असेल, तर दोन ठिकाणी किंमत विचारून पाहा.

खरेदीच्या दिवशी काय करावे?

पक्के बिल घ्या. मॉनिटरवरील बीआयएसचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासा. किती डेड पिक्सेल असल्यास मॉनिटर बदलून मिळेल, हा नियम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. तो आधीच विचारा. ऑनलाइन मागवला असेल, तर खोके उघडतानाचा व्हिडिओ काढा. लगेच काळा, पांढरा, लाल, हिरवा आणि निळा पडदा लावून ठिपके पाहा, म्हणजे परत करण्याची मुदत हातची जाणार नाही.

तक्रारीची दखल घेतली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो, तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असो की बेंगळुरूचा, चऱ्होलीतील ग्राहकाला पुणे जिल्हा आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही.