डोंगराआड अडलेली रेंज

नाशिक शहरात 5जी आले, पण पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांतल्या कित्येक पाड्यांवर फोन लावायला आजही टेकडी गाठावी लागते. विरळ वस्तीत टॉवरचा खर्च निघत नाही, असे कंपन्या सांगतात. हिशेब खरा, पण अर्धाच. ही तूट भरण्यासाठीच 2002 पासून त्यांच्या समायोजित महसुलातून 5 टक्के आकार एका निधीसाठी घेतला जातो. 2023 च्या दूरसंचार कायद्याने त्या निधीला ‘डिजिटल भारत निधी’ हे नाव दिले. म्हणजे प्रश्न एकट्या पैशाचा नाही, वाटून घेण्याचा आहे. एका दरीत तीन कंपन्यांनी तीन टॉवर उभारणे परवडणारे नाहीच. एकाच टॉवरवरून तिघांची सिम चालली तर परवडेल. निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरांवर ही सोय जानेवारी 2025 मध्ये सुरूही झाली. ती कंपन्यांनी आपापल्या टॉवरांवरही द्यावी.

यावर कुणी म्हणेल, ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांना रेंज काय कामाची? त्यापेक्षा आधी फोन-रिचार्जवर सवलत द्या. पण रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर अंगठा जुळायलाही नेटवर्क लागते. फोन नसलेल्या आजीचे धान्यही त्याच टॉवरवर अडते, आणि तिला रिचार्जच्या स्वस्त योजनेचा काडीचाही उपयोग नाही. आधी टॉवर, मग सवलती.