जुन्या मालमोटारीच्या पुढील चाकांचे हबनट : त्यांचा शोध व पुनरुपयोग

हळद शिजवून व वाळवून तयार झाली, म्हणजे ती हिंगोली अथवा वसमतच्या बाजारात वेळेवर पोहोचविण्याची लगबग आपल्या जिल्ह्यात सुरू होते. तत्पूर्वी सोयाबीनची व पुढेमागे उसाची वाहतूक चालू असतेच. हे काम पुष्कळ ठिकाणी जुन्या मालमोटारींकडून व जीपगाड्यांकडून घेतले जाते. अशा गाडीचे इंजिन व टायर यांकडे मालकाचे लक्ष असते. परंतु पुढील चाक ज्या एका नटाच्या आधाराने आसावर टिकून राहते, त्याची आठवण चाक डुगडुगू लागल्यावाचून सहसा होत नाही. म्हणून या नटाविषयी चार उपयुक्त गोष्टी येथे सांगावयाचे आम्ही योजिले आहे.

बैलगाडीचे चाक आसावरून निसटू नये म्हणून आसाच्या टोकास खीळ असते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. मोटारीच्या पुढील चाकाचा हब, म्हणजे चाकाचा तुंबा, असाच एका स्थिर टोकावर फिरतो. त्या टोकास कारागीर स्टब म्हणतात. हब व स्टब यांच्यामध्ये निमुळत्या रोलरांची दोन बेअरिंगे असतात, आतील मोठे व बाहेरील लहान. त्यांच्या बाहेर बसतो तो हबनट. बैलगाडीची खीळ केवळ चाक अडवून धरते. हबनट मात्र चाक अडवितो आणि बेअरिंगांत किती मोकळीक राहावी हेही ठरवितो. तो फार आवळला तर बेअरिंग तापते, ग्रीस पातळ होऊन वाहून जाते व अखेरीस बेअरिंग जाम होऊन स्टब कापला जातो. तो सैल राहिला तर चाक डुलते, रोलरांचे तुकडे पडतात, तेलसील फाटून ग्रीस ब्रेकवर येते आणि प्रसंगी चाकच निघून जाते. भरल्या गाडीवर माणसे बसलेली असता असे झाल्यास काय अनर्थ होईल, हे सांगणे नको.

हा नट आपोआप फिरू नये म्हणून दोन रीती प्रचलित आहेत. पहिलीत नटाच्या माथ्यावर खाचा असून स्टबाच्या छिद्रातून आरपार स्प्लिट पिन घालतात. दुसरीत आतील नट मोकळीक ठरवितो, त्यावर वाकविता येणारी चकती बसते व तीवर चेकनट आवळून चकतीची कड नटावर दुमडतात. जीपगाडीत ही दुसरी रीत आढळते. तिच्या पुढील चाकांसही इंजिनाची शक्ती मिळत असल्याने नटापर्यंत पोहोचण्यास आधी बाहेरील फ्लँज काढावा लागतो.

नट काढण्यापूर्वी गाडी सपाट जागी उभी करून मागील चाकांस अडण लावावी, व केवळ जॅकवर न विसंबता आस भक्कम ठोकळ्यांवर टेकवावा. छिन्नी व हातोडा यांनी नट फिरविण्याची सवय सर्वथा टाकावी. चांगले नट निकामी होण्याचे हे मोठेच कारण आहे. मापाचा बॉक्स पाना वापरावा. जुन्या जीपच्या नटास २ १/१६ इंची, म्हणजे सुमारे ५२.४ मिलिमीटरचा पाना लागतो. ५२ मिलिमीटरचा त्यावर चढत नाही. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, म्हणून जोर लावण्यापूर्वी आट्यांचा कल पाहावा. डाव्या व उजव्या चाकाचे भाग निरनिराळे बांधून ठेवावेत.

आता मुख्य प्रश्न असा की, काढलेला नट पुन्हा वापरावा काय? आमचे उत्तर असे : नट परीक्षेस उतरल्यास वापरावा, परंतु स्प्लिट पिन व दुमडलेली चकती ही दर वेळी नवीच घ्यावीत. एकदा वाकलेले पोलाद दुसऱ्यांदा त्याच जागी वाकविले की चिरते. पिनेऐवजी तार किंवा खिळा घालणे म्हणजे बैलगाडीस खिळीऐवजी काडी लावण्यासारखे आहे. ज्या नटाची कड ठोकून स्टबाच्या खाचेत बसविलेली असते, तो नटही बदलावा.

परीक्षा येणेप्रमाणे करावी. नट डिझेलने स्वच्छ धुऊन आटे उजेडात पाहावेत. ते झिजून धारदार झालेले अथवा तुटलेले नसावेत. बेअरिंगकडील तोंड सपाट असावे, कोपरे गोल झालेले नसावेत, खाचा रुंदावलेल्या नसाव्यात. तडा शोधण्याची जुनी युक्ती अशी की, नट काही वेळ रॉकेलात किंवा डिझेलात बुडवून कोरडा पुसावा व त्यावर खडूची पूड लावावी. तडा असल्यास तेथे ओलसर काळी रेघ उमटते. शेवटी नट स्टबावर बोटांनी फिरवावा. तो अखेरपर्यंत सहज जावा, पण डगमगू नये. गॅसने लाल करून काढलेला अथवा वेल्डिंग केलेला नट कितीही चांगला दिसला तरी भंगारात टाकावा, कारण त्याच्या पोलादाचा कस गेलेला असतो.

नट निरुपयोगी ठरला तर दुसरा शोधताना आट्यांचा घोळ सांभाळावा लागतो, व त्याचे मूळ या गाड्यांच्या इतिहासात आहे. महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत अमेरिकन विलीज जीपची जुळणी आरंभिली. तिचे आटे इंची. टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून मालमोटारी काढल्या. हा करार १९६९ पर्यंत होता व त्या गाड्यांची घडण मिलिमीटरची. १९५५ पासून अशोक लेलँड या नावाने निघालेल्या गाड्यांचे मूळ पुन्हा इंग्लंडातील. एका इंचात १६ आटे असल्यास दोन आट्यांतील अंतर सुमारे १.५९ मिलिमीटर भरते. त्याच्या जवळचा मिलिमीटरचा आटा १.५ चा. असा परका नट आरंभी दोन फेरे सुखाने चढतो व मग अडतो, कारण दहा आट्यांत फरक जवळजवळ ०.९ मिलिमीटर होतो. तेथे बळ केले की नट तर जातोच, पण त्याहून महाग असा स्टबही जातो. यास्तव सुट्या भागांच्या पुस्तकातील क्रमांक व गाडीचा चॅसी क्रमांक लिहून न्यावा, जुना नट व चकती सोबत घ्यावी आणि दुकानात आट्यांच्या गेजने ताडून पाहावे. मोडीत काढलेल्या गाडीचा नट घ्यावयाचा असल्यास त्याच जातीच्या गाडीचा, शक्यतो आपल्या समक्ष काढलेला घ्यावा व वरील सर्व परीक्षा त्यासही लावाव्यात. साध्या सळईतून लेथवर कातलेल्या नटावर भरली गाडी सोपवू नये.

बसविताना बेअरिंगे धुऊन त्यांच्या रोलरांत नवे ग्रीस दाबून भरावे. चाक हाताने फिरवीत नट आवळावा. चाक जड फिरू लागले की तो मागे घ्यावा. जीपमध्ये सुमारे एक षष्ठांश फेरा, म्हणजे षट्कोनी नटाची एक बाजू, मागे घेतात. इतर गाड्यांस त्यांच्या पुस्तकातील माप प्रमाण मानावे. पिनेचे छिद्र खाचेशी जुळत नसल्यास नट पुढे आवळू नये, किंचित सैल करून जुळवावा. नंतर चाक वर-खाली धरून हलवून पाहावे. आठ-दहा किलोमीटर गाडी रिकामी चालवून दोन्ही हबांस सावधपणे हात लावावा. एक दुसऱ्याहून अधिक तापला असल्यास तो पुन्हा उघडणे अगत्याचे आहे.

पावसाळ्यात ओढ्यांचे पाणी व काळ्या रानातील चिखल हबात शिरून ग्रीस बिघडते. म्हणून पाऊस सरल्यावर, सोयाबीनची पहिली खेप भरण्याच्या आत, दोन्ही हब उघडून पाहण्याचा नेम ठेवावा. या कामास एक सकाळ पुरते, आणि पिन व चकती नवी घेण्यास जो खर्च येतो तो गाडीतील एका पोत्याच्या किमतीपुढे नगण्य आहे.