न्हाणीघराच्या चौकटीचा पंचनामा

ज्या वाळवीचे वारूळ भूमीच्या उदरात असते तिला ओलाव्यावाचून जगता येत नाही, म्हणून कोकणातील कौलारू घराची तपासणी दिवाणखान्यातून नव्हे, तर चौकटीचे पाय वर्षानुवर्षे सांडपाण्यात भिजतात त्या न्हाणीघराच्या उंबरठ्यापासून आरंभावी. विजेरी भिंतीलगत तिरपी धरली असता जोत्यावरून वर चढलेली, पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची नळी दिसते. ती बोटभर फोडून ठेवावी, आणि काही दिवसांत पुन्हा लिंपलेली आढळल्यास आत वहिवाट चालू आहे असे खुशाल समजावे. (ती तशीच फुटकी राहिली, म्हणून वाळवीने कब्जा सोडला असे मात्र नव्हे, तिला दुसऱ्या वाटा ठाऊक असतात.)

सागाचा गाभा सहसा दाद देत नाही, परंतु सागवानी म्हणून पुरे दाम मोजून घेतलेल्या चौकटीत बाहेरचे फिकट लाकूड किती आहे हे रंगाखाली कोणास दिसते? तेथे पेचकसाचे टोक टेकवताच रंगाचा पापुद्रा फुटून ते आत जाते. मातीचा मागमूस नसून १-२ मिलिमीटरची भोके आणि खाली पिठासारखा भुगा दिसला, तर आरोपी निराळा : भुंगेरा.

पहिल्या पावसानंतर बंद खोलीत गळालेले पंख सापडल्यास ते निरखावेत. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, तर मुंगीचे मागचे दोन आखूड असतात.