गणितात हुशार लेकरांसाठी आणखी एक वाट

दहावीचा निकाल लागला की मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून नांदेड-लातूरकडे लेकरांची रीघ लागते. ‘लातूर पॅटर्न’चे नाव राज्यभर झाले, ते उगाच नाही. पण गवंडीकाम, हमाली करणाऱ्या बापाला शिकवणीची फी भरताना काय सोसावे लागते, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. म्हणून आठवी-नववीतच गणितात पुढे असलेल्या मुलामुलींच्या पालकांना एका परीक्षेची माहिती देणे आम्हाला अगत्याचे वाटते. ती म्हणजे गणित ऑलिम्पियाड.

मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र या स्पर्धेचे मुख्य केंद्र आहे. पहिली पायरी ‘आयओक्यूएम’ परीक्षेची. आठवी ते बारावीचे विद्यार्थी तिला बसतात. अलीकडे ती सप्टेंबरमध्ये होते. तीन तास, ३० प्रश्न, १०० गुण. पुढे विभागीय, मग राष्ट्रीय परीक्षा आणि शेवटी सहा जणांचा भारतीय संघ. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भारत १९८९ पासून उतरतो. १९९६ साली ती मुंबईतच भरली होती. २०२४ साली आपल्या संघाने चार सुवर्णपदके आणली. मुलींसाठी युरोपीय गणित ऑलिम्पियाड वेगळी आहे. तिथे भारतीय मुली २०१५ पासून जातात.

इथे घोकंपट्टी चालत नाही. ७ चा वर्ग ४९. त्यातून १ वजा केला की ४८. त्याला ८ ने भाग जातो. ९ चा वर्ग ८१, उरले ८०. पुन्हा भाग जातो. एकाहून मोठी कोणतीही विषम संख्या घ्या, असेच होते. का? ४८ म्हणजे ६ गुणिले ८, ८० म्हणजे ८ गुणिले १०. लागोपाठच्या दोन सम संख्यांपैकी एकीला ४ ने भाग जातोच, दुसरीला २ ने. विभागीय परीक्षेत नुसते उत्तर पुरत नाही; हे ‘का’ लिहून सिद्ध करावे लागते.

परीक्षा अवघड आहे आणि तिच्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळत नाही. पण विचार करण्याची जी सवय लागते, ती पुढे कुठल्याही शिक्षणात कामी येते. जुन्या प्रश्नपत्रिका होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पालकांनी शाळेतल्या गणिताच्या गुरुजींना भेटावे, नावनोंदणीची तारीख विचारून घ्यावी. आठवड्याला दोनच गणिते द्यावीत, पण सुटेपर्यंत लेकराला वेळ द्यावा. पहिल्या वर्षी पाच प्रश्नही सुटले नाहीत, तरी रागावू नये. आठवीत सुरुवात केली तर हाती अजून चार वर्षे आहेत.