पहारा सर्वांचा, भार कोणावर?

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील अणदूर हे काही विमानतळाचे गाव नव्हे. परंतु २०२५ च्या जूनमध्ये सोलापुराहून गोव्याकडे व ऑक्टोबरात मुंबईकडे नियमित विमाने सुरू झाली, आणि तेथून सुमारे पन्नास किलोमीटरवरील अणदूरकरांनाही विमानप्रवास ही केवळ ऐकण्याची गोष्ट राहिली नाही. अशा नव्या प्रवाशाने आपल्या तिकिटाचा तपशील वाचला, तर भाड्याखाली ‘विमान सुरक्षा शुल्क’ या नावाची एक रक्कम मांडलेली त्यास अनेकदा आढळेल. या रकमेविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

२४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीस निघालेले भारतीय विमान पळवून कंदाहारला नेण्यात आले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. त्यानंतर विमानतळांचा पहारा राज्यांच्या पोलिसांकडून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविण्यास आरंभ झाला. फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरचा विमानतळ प्रथम या दलाच्या हाती आला. या पहाऱ्यासाठी प्रत्येक प्रवाशाकडून पूर्वी १३० रुपये घेतले जात. १ जुलै २०१९ पासून स्वतंत्र सुरक्षा शुल्क आले व देशांतर्गत प्रवासासाठी ते १५० रुपये ठरले. सप्टेंबर २०२० मध्ये त्याचे १६० आणि एप्रिल २०२१ मध्ये २०० रुपये झाले. परदेशी जाणाऱ्यांचे शुल्क तर या दोन वर्षांच्या आतच ४.८५ डॉलरवरून १२ डॉलरवर गेले. तो काळ महासाथीचा होता. प्रवासी घटले तरी दरवाजावरील शिपाई व तपासणीची यंत्रे घटत नाहीत. आणि डोईवर आकारलेल्या पैशातून कायमचा खर्च भागवायचा म्हटले, की जे थोडे उरले त्यांच्याच डोईवरील ओझे वाढते.

जो विमानात बसेल त्याने पैसे द्यावेत, कोरडवाहू शेतकऱ्याने का द्यावेत, असा युक्तिवाद केला जातो. तो सकृद्दर्शनी न्याय्य आहे. रस्ता वापरणारा टोल भरतोच. परंतु टोल हा रस्त्याचा मोबदला होय. त्याच रस्त्यावर दरोडेखोरांचा पाठलाग करणाऱ्या पोलिसाचा पगार सरकारी तिजोरीतूनच होतो. विमानाचे रक्षण हे केवळ आत बसलेल्यांचे रक्षण नव्हे. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत जे सुमारे तीन हजार लोक बळी पडले, त्यांपैकी विमानांत असलेले अडीचशेहूनही कमी होते. बाकीच्यांनी त्या दिवशी कोणतेही तिकीट काढले नव्हते. उडान योजनेतील लहान विमानतळांना राज्य सरकारांनी पोलीस व अग्निशमन सेवा विनामूल्य पुरवावी, असे शासनानेच ठरविले आहे. लहान विमानतळांसाठी मान्य केलेले हे तत्त्व मोठ्यांच्या बाबतीत अजिबात लागू नाही, असे कसे म्हणता येईल? सुरक्षेच्या खर्चाचा काही वाटा तिजोरीने उचलावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रश्न हिशेबाचा आहे. अमेरिकेने २००२ पासून असेच शुल्क बसविले. पण २०१३ च्या कायद्याने त्याचा एक भाग अर्थसंकल्पातील तूट भरून काढण्याकडे वळविला. पहाऱ्यासाठी दिलेला पैसा दुसऱ्याच खड्ड्यात गेला! आपल्याकडेही जुन्या शुल्कातून यंत्रसामग्रीवर केलेला खर्च परत भरावा, असा आदेश मंत्रालयाने २०१४ मध्ये काही विमानतळचालकांना दिला आणि प्रकरण न्यायालयात गेले. पुढे या निधीसाठी राष्ट्रीय विश्वस्त संस्था स्थापन झाली, हे योग्यच झाले. साऱ्या देशाचा पैसा एकत्र आला म्हणजे लहान विमानतळ उघडा पडत नाही. पण विश्वस्त म्हटला की विश्वासाबरोबर वहीही आली. किती जमले, कोणत्या विमानतळावर किती खर्चिले, शिल्लक किती, हे दरवर्षी तपासून, सामान्य वाचकास समजेल अशा भाषेत प्रसिद्ध झाले पाहिजे. आणि दर वाढविण्यापूर्वी त्याचे कारण लोकांसमोर मांडले गेले पाहिजे.

अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांचा खंडोबा एकच. तो एका गावाहून दुसऱ्या गावी नेताना मानकरी लेखी करार करतात. याचा अर्थ त्यांचा एकमेकांवर विश्वास नाही असा नव्हे. तो विश्वास टिकावा म्हणूनच हा कागद होतो. देवाच्या बाबतीत जो रिवाज दोन गावांनी पाळला, तो दोनशे रुपयांच्या बाबतीत सरकारने पाळावा, ही अपेक्षा अवास्तव खास नाही.